माझ्या मनगटावरचं डोमाजीचं घड्याळ

"गुरुजी, भडकू नका. पोट्टी पाहून राहिली!"

गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ते कानावर पडताच मी भडकतो. बोलणारा डोमाजी कापगते, सौंदडमधला माझा शेजारी. जन्मभर गावतळ्याच्या पाण्याची वाटणी केलेला माणूस. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी चाललंय, ते पाटात पाय घालून सांगायचा. आता तो माझ्या रक्ताकडे लक्ष ठेवतो.

त्याच्या मुलीनं, सुनंदानं, हैदराबादहून त्याला एक घड्याळ पाठवलं. खालच्या बाजूनं हिरवा दिवा लागतो, मनगटातली नाडी मोजतो, आणि ठोक्यांचा आकडा तिकडे तिच्या मोबाइलवर दिसतो. घड्याळ डोमाजीचं, पण बांधलंय माझ्या हाताला. "पट्ट्यानं खाज सुटली, गुरुजी. दोन दिवस तुम्ही घाला. आकडा नाही दिसला तं पोट्टी घोर लावून घेते." मी भिडेखातर घातलं, ते अजून हातातच आहे.

तेव्हापासून माझा जीव माझा राहिला नाही. दुसरा चहा बंद. जिना चढताना दर पायरीवर थांबायचं. टीव्हीवर वादावादी सुरू झाली की हा येऊन बटण दाबतो. बायकोशी भांडायचीही चोरी. माझा आवाज चढला की थोड्याच वेळात कुंपणापलीकडे त्याचा फोन वाजतो. "काही नाही वो माय, जिना चढलो," असं सुनंदाला सांगतो आणि मग माझ्यावर डाफरतो, "कायले भांडता? पाणी कसं संथ चाललं पायजे!" आमच्या हिला हे घड्याळ फार आवडलंय.

परवा बकरी माझ्या वांग्यांत शिरली. मी काठी घेऊन धावलो. आकडा एकशे तीसवर गेला. डोमाजी कुंपणाला वळसा घालून धापा टाकत आला. "खाऊ द्या ना वांगे! पोट्टीचा फोन आला, घाबरली ते!" एवढं बोलून ओट्यावर मटकन बसला. चेहरा पांढराफटक. मी त्याचं मनगट धरलं. खाजेची खूणही नव्हती. नाडी दोन ठोके द्यायची, थांबायची, मग घाईघाईनं तीन द्यायची.

"कधीपासून हे?" मी ओरडलो.

"हळू बोला, गुरुजी." त्याची नजर घड्याळावर. "महिना झाला असंल. तिले आठवा चालू आहे. मागच्या खेपेला माझ्या तापाचं ऐकून बसमधी बसली, न रस्त्यातच लेकरू गेलं. आता नाही येऊ देत मी तिले."

एवढा राग मला बकरीचाही आला नव्हता. डोळेही भरून आले, ते वेगळं. त्याला गाडीत कोंबून थेट गोंदियाला डॉक्टरकडे नेलं.

पडद्याआड त्याच्या छातीला वायरी लावत होते. मी बाहेर बाकावर, त्याचा फोन खिशात, त्याचं घड्याळ हाताला. लांब लांब श्वास घेत होतो, तरी आकडा चढतच होता. फोन वाजला. सुनंदा.

पडद्यामागून बारीक आवाज आला, "गुरुजी, बकरी म्हणून सांगा."

चाळीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलंय. फोन उचलला आणि म्हणालो, "अगं, तुझा बाप माझ्या वांग्यांतली बकरी हाकलून राहिला. ठणठणीत आहे."

ती हसली. मग म्हणाली, "पण काका, ठोके अजून उतरले नाहीत."

"उतरतील, माय," मी म्हणालो आणि पडद्याकडे पाहत राहिलो.