थांबा म्हणायला माणूस

माझ्या मुलीच्या लग्नात मुहूर्त टळायला आला होता, आणि त्याला कारण मानपान नव्हतं, पाट होता. शेजारच्या हणमंतआप्पांनी नवरीच्या पाटावर लेव्हल ठेवून बघितली आणि भर मांडवात जाहीर केलं, "पाट अर्धं सूत उतरलाय. पोरगी एका अंगाला कलंल." गुरुजी घड्याळ दाखवतायत, व्याही घाम पुसतायत, आणि हा गृहस्थ गुडघ्यावर बसून पाटाच्या पायाखाली लग्नपत्रिकेची घडी सारतोय! वर मलाच म्हणतात, "बसवा आता. बरोब्बर झाला."

सबंध इस्लामपूर सोडून असा शेजारी माझ्याच वाट्याला का यावा, हे मला अजून कळलेलं नाही. मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर गाडीत माणसं कोंबली ती अंदाजानंच. आप्पा साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. लोक खिशाला पेन लावतात, यांच्या खिशात व्हर्नियर. आमच्याकडं जेवायला बसले की भाकरी त्यात धरून बघणार आणि माझ्या बायकोला सांगणार, "वैनी, कडंला जाड हाय." ती अजून त्यांना वाढते हे तिचे उपकार. 'अंदाजे' हा शब्द तर त्यांच्यापुढं काढायची सोय नाही. "अंदाज म्हंजे लबाडी!" म्हणून अंगावरच येतात.

निवृत्त झाल्यावर लोक देवाला जातात. आप्पा लोणंदला गेले आणि भंगारातनं एक जुनं मिलिंग मशीन ट्रॉलीत घालून घेऊन आले. पडवीत त्याची स्थापना झाली. टेबलावर लोखंड आवळायचं, वर कटर फिरतं, आणि हँडल फिरवून टेबल सरकवत लोखंड तासायचं. टेबल किती सरकलं ते हँडलाजवळच्या कड्यावरच्या बारीक रेघा मोजून कळतं. पुढं आप्पांना त्या रेघा दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या आक्का, स्टुलावर बसून त्या वाचायला लागल्या. भिंतीपलीकडून आमच्या कानावर रोज हेच:

"अठरा... एकोणीस... थांबा!"

"ईस आलं का?"

"न्हाई."

"मग थांबा का म्हंतीस?"

"मला वाटलं म्हणून."

"आगं, अंदाज म्हंजे लबाडी!"

की झालं भांडण सुरू, आणि हँडल तिथंच राहायचं. काम मात्र बरोबर उतरायचं, आणि त्याचं कौतुक आप्पा स्वतःच्या हाताचं करायचे.

मग आक्का गेल्या, आणि आप्पांच्या हातनं एकही काम धड निघेना. रसवंतीवाल्याचा शाफ्ट वाया गेला. पिठाच्या गिरणीवाला तर दारात येऊन काय काय बोलून गेला. पुण्याहून मुलगा विलास आला. म्हणाला, "आप्पा, दिवाळीपर्यंत बघू. एकट्यानं काम जमलं तर ठीक. नाहीतर मशीन विकायचं आणि तुम्ही पुण्याला यायचं." पुण्याला म्हणजे सातव्या मजल्यावर. पडवीतनं उठून अंगणात थुंकायची सवय असलेला माणूस तो, तिथं काय करणार? आप्पांचं तोंड एवढंसं झालं. मशीन गेलं तर मी गेलो, असं मला स्वच्छ म्हणाले.

तेव्हा त्यांनी डीआरओ मागवला. म्हणजे टेबलाच्या पाठीमागं एक मोजपट्टी लावायची आणि समोर एक पेटी. टेबल किती सरकलं ते पेटीवर लाल आकड्यांत दिसतं, तेही लांबून वाचता येईल एवढं ठसठशीत. बसवायला मदतीला कोण? अर्थात मी.

"धरा."

मी पट्टी धरली.

"हलू नका."

"हललो न्हाई आप्पा, श्वास घेतला."

"मग दमानं घ्या की!"

पट्टी टेबलाला अगदी समांतर पाहिजे. मशीनचं अंग ओबडधोबड, त्यामुळं मागं पत्र्याचा पातळ तुकडा घाला, काढा, दुसरा घाला. माझे खांदे भरून आले. घाटात उभ्यानं तिकिटं फाडली, पण असा छळ महामंडळानंसुद्धा केला नाही हो!

एकदाची बसली. आप्पांनी हँडल फिरवलं, मी कड्यावर डोळे लावून बसलो आणि वीसची रेघ येताच "वीस!" म्हणालो. पेटी दाखवत होती वीसच्या जरा पुढं. आप्पा भडकले. "पेटीच खोटी!" उतरवली. पुन्हा बसवली. तेच! पुन्हा उतरवली. माझा संयम सुटला. "आप्पा, अंदाजे बरोबर आहे, सोडा ना आता!" म्हणालो, आणि पुढचा तासभर ऐकून घेतलं.

शेवटी त्यांनी कपाटातनं मखमलीत गुंडाळलेला, पक्क्या मापाचा पोलादी ठोकळा काढला आणि त्याच्याशी ताडून बघितलं. पेटी खरी निघाली. खोटं होतं ते कडं. आतला स्क्रू झिजला होता. कड्यावर वीस येईपर्यंत टेबल विसाच्या पुढं गेलेलं असायचं.

आप्पा खाली फरशीवरच बसले.

"म्हंजे कंडक्टर, ईसाच्या आधीच थांबायचं व्हतं."

मीही शेजारी टेकलो.

"मी तासलेलं मोजायचो तवा ती बघत असायची. तिला उमगलं असंल. आन मी रोज वरडायचो तिच्यावर." एवढं बोलून पत्र्याचे तुकडे गोळा करायला लागले. मला त्यांचा राग आला, पण तुकडे वेचायला मीही हात लावला.

दिवाळीला विलास आला. आप्पांनी त्याच्यासमोर एकट्यानं शाफ्टाला खाच तासली. विलासनं स्वतः व्हर्नियर लावून मोजली. "राहू दे मशीन," म्हणाला. मशीन सुटलं, आप्पा सुटले, आणि मुख्य म्हणजे मी सुटलो. त्या आनंदात मी दोन लाडू जास्त खाल्ले.

विलास पुण्याला परतला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "आवं कंडक्टर, या जरा!"

कप आपटून मी गेलो. "आता काय आणखी? आकडे कलिंगडाएवढे दिसतायत की!"

"दिसत्यात."

"मग?"

आप्पा स्वच्छ हँडल फडक्यानं पुन्हा पुसत होते. "दिसत्यात वो. पर कुणी म्हणत न्हाई. लय गप असतंय हितं." आणि त्यांनी आक्कांचं स्टूल माझ्याकडं सरकवलं.

बसलो. न बसून सांगतो कुणाला! हँडल फिरायला लागलं आणि मी पेटीवरचे आकडे मोठ्यानं वाचायला लागलो. "अठरा... एकोणीस..." वीस यायला अजून अवकाश होता. काय मनात आलं कोण जाणे, मी ओरडलो, "थांबा!"

हँडल थांबलं.

"ईस आलं?"

"न्हाई."

"मग?"

"मला वाटलं म्हणून."

आता अंगावर येतात म्हणून मी तयारीतच होतो. आप्पा हँडलावर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले. हळूच म्हणाले, "बरं. थांबलो बघ."

इतक्या वर्षांत आप्पांनी मला कधी अरे-तुरे केलेलं नाही. त्यांनी हँडल पुन्हा फिरवल्यावर मी पुढचा आकडा वाचला.