अण्णा मागे बसतात

बंगळुरात एकट्या बाईला घर भाड्यानं देताना घरमालक पुष्कळ प्रश्न विचारतात. मटण शिजवता का, मित्र येतात का, लग्न कधी करणार. एचएसआर लेआउटमधल्या व्यंकोजीराव मोहित्यांनी यांतलं काहीही विचारलं नाही. मी गेटमधून ढकलत आणलेल्या मोटारसायकलकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोर्थवरनं थर्डला कशी येतीस?"

"येत नाही," मी म्हटलं. "बंद पडते."

"अय्यो," असं म्हणून ते आत गेले आणि वरच्या खोल्यांची किल्ली घेऊन आले.

व्यंकोजीरावांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. मोहिते घराणं चारशे वर्षांमागं घोड्यावर बसून इकडे आलं, हे ते पहिल्याच भेटीत सांगतात. शाळेत कन्नड, कचेरीत इंग्रजी आणि घरात मराठी असा जन्मभर कारभार झाल्यामुळे त्यांच्या मराठीत तिन्ही घरची चव आहे. नोकरी विमा कंपनीत केली, तीही टेबलावरची. इंजिनाच्या आत काय असतं असं विचारलं तर "तेल असतंय" एवढंच सांगतील. प्लग साफ करायलासुद्धा त्यांना मेकॅनिक लागतो. या गृहस्थांना रस फक्त एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे वरच्या गिअरमधून माणूस खालच्या गिअरमध्ये कसा येतो.

संध्याकाळी ते गेटजवळ खुर्ची टाकून बसतात आणि कोपऱ्यावर वळणाऱ्या गाड्या ऐकतात. "ह्यानं दोन गिअर एकदम टाकले." "ह्यानं क्लच सोडला की हातातली परात टाकली?" समोरच्या इमारतीतल्या एका बँकवाल्या मुलाला स्थळ आलं होतं. मुलीचे वडील चौकशी करत अण्णांकडे आले. अण्णा म्हणाले, "मुलगा चांगला. पण सेकंडला येताना धसमुसळा. मुलीला त्रास होईल." लग्न जमलं नाही. कारण बहुधा वेगळं असावं, पण तो मुलगा अजून अण्णांशी बोलत नाही.

"वर कोण पण जातंय. खाली येऊन दाखव म्हणावं." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुणाला बढती मिळाली की ते हेच म्हणतात, कुणी सांबारात तिखट जास्त घातलं तरी हेच.

मी मूळची नाशिकची. वयाच्या तिशीपर्यंत बिनगिअरची स्कूटर चालवली आणि मग कसली हुक्की आली देव जाणे, ही जुनी मोटारसायकल घेतली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात माझं कौतुकही झालं. ते आठवडाभर टिकलं. होसूर रोडच्या सिग्नलला मी चौथ्या गिअरमध्येच येऊन उभी राहिले. सिग्नल हिरवा झाला, क्लच सोडला, गाडीनं मान टाकली. पायानं गिअर खाली दाबत होते, पण गाडी उभी असल्यावर तो पाहिजे तसा उतरत नाही, हे मला कुठं ठाऊक होतं? मागे बस, बसमागे टेम्पो, आणि सगळे मिळून माझा उद्धार करताहेत.

दुसऱ्या दिवशी मी धडा घेतला, तोही उलटाच. सिग्नल लांबून दिसला तसे खाडखाड तीन गिअर खाली दाबले आणि क्लच एकदम सोडला. मागचं चाक किंचाळलं, सरकलं, आणि मी एका शहाळेवाल्याच्या पुढ्यात जाऊन पडले. त्या बिचाऱ्यानं आधी मला उठवलं, मग न विचारता शहाळं फोडून हातात दिलं. कोपर सोलवटलं होतं, पण अब्रू जास्त सोलवटली होती. घरी आल्याबरोबर मी अण्णांना सांगून टाकलं, "विकते मी ही गाडी."

मला वाटलं, ते हसतील. त्यांचा चेहरा एकदम पडला. "विकू नको," ते म्हणाले. "मला एक महिना दे. मी शिकवतो. नंतर वीक, मी काही म्हणणार नाही."

एवढी गळ त्यांनी का घालावी, हे मला कळेना. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलं होतं, पण ती पोरं त्यांच्या मागे लागायची. इथं तेच माझ्या मागे लागले होते.

अण्णांची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःचीच. पार्कमागच्या रिकाम्या रस्त्यावर रविवारी सकाळी ते पांढराशुभ्र शर्ट घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून माझ्या मागे बसत. हातात स्टीलचा टंबलर, त्यात काठोकाठ कॉफी. मी गिअर उतरवायचे, कॉफी सांडता कामा नये.

"पाणी घ्या ना, अण्णा," मी म्हटलं.

"पाण्याचा डाग पडत नाही. मग तुला कळणार कसं?"

पहिल्या रविवारी तीन शर्ट गेले. मागून सूचनांचा पट्टा सुरू असायचा. "निधान, निधान, सावकाश. एका वेळी एकच गिअर. आता क्लच सोड. सगळा नको गं, स्वल्प! इंजिनाला स्वल्प रेस दे, मग सोड. पायाकडे बघू नको, पाय कुठं जात नाही. सरी, बरोबर. परत." पार्कात चालायला येणारी मंडळी थांबून बघायची. कॉफी पीत फिरणारा म्हातारा आणि घामाघूम झालेली त्याची ड्रायव्हर, असा एकूण देखावा होता.

शर्ट धुवायचं काम अक्कांकडे. अक्का म्हणजे अण्णांची बायको. बोलणं मोजकं, नजर तीक्ष्ण. मोटारीत बसल्या की त्यांना उलट्या होतात, रिक्षात कंबर धरते. संसार सुरू झाल्यापासून त्या फक्त अण्णांच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरल्या, आणि दुसऱ्या पुरुषाच्या मागे बसायचं त्यांच्या मनातही येत नाही. अण्णांची गाडी मात्र गेलं वर्षभर पोर्चमध्ये कापड पांघरून उभी होती. "पार्ट मिळत नाही," अण्णा सांगत. त्यामुळे अक्का वर्षभर गल्लीबाहेर गेल्या नव्हत्या. शहरातच, बसवनगुडीला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. फोनवर दोघी बोलायच्या, फोन ठेवला की अक्का बराच वेळ भाजी नुसतीच निवडत बसायच्या. मी एकदा अण्णांना म्हटलं, माझ्या ऑफिसातल्या एकाला जुने पार्ट मिळतात, विचारू का? ते माझ्यावर जवळजवळ ओरडलेच.

चौथ्या रविवारी मी चौथ्यावरून तिसऱ्यावर आले, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, आणि शर्ट पांढरा राहिला. रस्त्याच्या टोकाला गाडी थांबवली. मागे वळून पाहिलं तर अण्णा निवांत कॉफी पीत होते. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला.

ते उतरले आणि रिकामा टंबलर हलवत पुढे चालायला लागले. तेव्हा मला दिसलं, त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती मागं रस्त्यात कुठंतरी पडली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. खडीवरून ते तसेच चालत होते. टाचेतून रक्त येत होतं.

"अण्णा, पाय!"

त्यांनी खाली पाहिलं. दचकले नाहीत. कट्ट्यावर बसून रुमालानं टाच पुसली. "शुगर," ते म्हणाले. "ह्या पायाला काही कळत नाही आता. गिअर सेकंडला गेला की फर्स्टला, हेपण नाही. मागच्या वर्षी अक्का मागं होती. थर्डवरनं फर्स्टला गेलो, मला वाटलं सेकंड. ती पडली. मनगट मोडलं."

"म्हणजे पार्ट?"

"कसला पार्ट! गाडी बरी आहे. पायाचं तिला सांगितलं तर मला एकट्याला सोडून ती जन्मात कुठं जाणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्काला बसवनगुडीला नेतीस काय?"

मला रडू आवरलं नाही. त्यांनी तोच रक्ताचा रुमाल पुढे केला, मी नको म्हटलं.

पुढच्या रविवारी अक्का जरीकाठाची साडी नेसून, केसांत माळलेल्या शेवंतीवर हेल्मेट चढवून माझ्या मागे एका बाजूला बसल्या. अण्णांनी पदर चाकापासून दूर खोचला आहे ना ते दोनदा पाहिलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "धक्का बसला तरी ती बोलणार नाही. तूच ओळख."

जाताना एकही धक्का बसला नाही. प्रत्येक सिग्नल मी लांबूनच हेरला, एकेक गिअर खाली आणला, मागे अक्कांचं हूं की चूं नाही. बहिणीनं त्यांचा हात धरला तो सोडेचना. दोघी रडल्या, मग हसल्या, मग कुणा मावशीच्या जुन्या भांडणावर तावातावानं बोलल्या. मी खिडकीपाशी बसून उप्पीट खाल्लं. दुपारचं जेवून निघायचं ठरलं होतं. अक्का तासाभरातच उठल्या. बहीण रागावली, तरी उठल्या.

परतीच्या वाटेवर मी तशीच जपून चालवत होते. लालबागच्या अलीकडे खांद्यावर त्यांचा हात आला.

"गौरी, स्वल्प जोरात घे."

"धक्के बसतील, अक्का. अण्णांनी सांगितलंय."

"बसू देत." हेल्मेटमधून त्यांचा आवाज घुमल्यासारखा येत होता. "घरात एकटे आहेत ते. अनवाणी फिरतात, काचेवर पाय दिला तरी कळायचं नाही त्यांना. रोज पहाटे ते उठायच्या आधी पांघरूण बाजूला करून मी तळवे बघते. आज तुझ्याबरोबर निघायच्या गडबडीत बघायचं राहिलं."

"तुम्हाला माहीत आहे?"

"त्यांना सांगू नको," अक्का म्हणाल्या. "मला फिरायला पाठवल्याचा केवढा आनंद झालाय त्यांना."

पुढे सिग्नल पिवळा झाला होता. मी चौथ्यातच राहिले आणि गाडी पळवली.