ओला राक्षस

कचरूअण्णा राक्षसांना साबणानं आंघोळ घालायचे. राक्षस बोटभर उंचीचे, कथलाचे. मुकुंदवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत अण्णा ते स्वतः ओतायचे, कानशीनं घासायचे, धुऊन उन्हात मांडायचे आणि मग पांढरं अस्तर द्यायचे. "तेलकट अंगाला रंग धरत नाय," हे मी इतक्यांदा ऐकलं, की मीसुद्धा आंघोळीला साबण जास्त लावू लागलो.

अण्णा फुलंब्रीकडचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. चिकलठाण्याला कारखाने आले तसे फिटर म्हणून लागले आणि एकटेच इथं राहिले. हा नाद कुठून लागला, काही कळलं नाही. विचारलं की गोंधळ वाढायचा.

"अण्णा, ह्याला तीनच पाय का?"

"चौथा नाय म्हणून."

"हा राक्षस की राजा?"

"रंग वाळल्याबिगर काय सांगू?"

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत निळा राक्षस पाहून एकजण म्हणाला, अण्णा त्यांच्यातले झाले. भगवा पाहून दुसरा म्हणाला, फितूर. अण्णांनी दोघांनाही विचारलं, "शेपटीला कोणता देऊ?"

मग एका दुपारी दगडफेक सुरू झाली. समोरच्या शीलाबाई दवाखान्यात नर्स. नामांतराच्या मोर्चात जायच्या. त्या आपल्या दोन मुलींना घेऊन घाईघाईनं नातेवाइकांकडं गेल्या. अण्णांनी स्टूल आणि रंगाच्या डब्या उचलल्या आणि बाईंच्या बंद दारात जाऊन बसले. मला वाटलं, डोकं फिरलं.

संध्याकाळी टोळकं आलं. हातात दगड, एकाकडं रॉकेलचा डबा.

"अण्णा, बाजूला व्हा."

"आं? हात नका लावू, ओला हाय."

"काय ओला?"

"राक्षस. धूळ नका उडवू, लई मेहनत हाय."

ते एकमेकांकडं बघू लागले. एकजण फिसकन हसला. "वाळायला किती वेळ?"

"हवा दमट हाय. सांगता नाय येत."

दगड हातातच राहिले. काय करावं ते न सुचून टोळकं उभं राहिलं, मग एकेक करून पांगलं.

बाई परत येईपर्यंत अण्णा कामावर गेले नाहीत, दारातून हललेही नाहीत. बाई दिसताच स्टूल उचलून म्हणाले, "तुमच्या दारात उजेड बरा पडतो," आणि आपल्या खोलीत शिरले.

मी मागोमाग गेलो. तो राक्षस हातात घेतला. रंगाचे हातावर हात देऊन थर इतका चढला होता, की नाक, डोळे, दात सगळं बुजून गेलं होतं.

"अण्णा, ह्याचं असं कसं झालं?"

"लई भ्यालं होतं बिचारं," अण्णा म्हणाले, आणि रॉकेलच्या चिंधीनं बोटं पुसत बसले.