वाघाला नजर भिडवणारे सर

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. शब्दही साधेच आहेत, कारण दुसरे मला येत नाहीत. कुणी हे मोठ्याने वाचून दाखवत असेल, तर मुलांनो, तुम्ही पुढे सरकून बसा. मोठी माणसं मागे उभी असतील तर राहू द्या.

एका जंगलात एक तळं होतं. तळ्याकाठी चितळांचा कळप राहायचा. काठावरच्या झाडावर एक म्हातारा वानर राहायचा. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. आजोबा पाला खायचे आणि निम्मा खाली सांडायचे. तो चितळं खायची. आजोबांना वरून लांबचं दिसायचं. वाघ दिसला की ते जोरात खाकरायचे. मग कळप पळायचा. वाघ उपाशी परत जायचा. असं पिढ्यानपिढ्या चाललं होतं. त्यावर कुणी पुस्तक लिहिलं नव्हतं.

त्या कळपात रुपाजी नावाचं एक चितळ होतं. एकदा वाट चुकून ते थेट वाघासमोर गेलं. भीतीने त्याला पळताच येईना. वाघाने नुकतंच अख्खं सांबर खाल्लं होतं. त्याने जांभई दिली आणि तो झोपला.

रुपाजी परत आला. सगळे भोवती जमले.

"मग तू काय केलंस रे?"

"काही नाही. उभा राहिलो."

पहिल्या दिवशी तो खरं बोलला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी ठाम उभा राहिलो." आठवड्याने म्हणाला, "मी नजर भिडवली." महिन्याने वाघाने मान खाली घातली होती आणि रुपाजीचे रुपाजी सर झाले होते.

सरांनी पळसाच्या पानांवर पुस्तक लिहिलं. नाव होतं 'नजर भिडवा, वाघ नमवा'. प्रस्तावना खुद्द वाघाने दिली. त्याने लिहिलं होतं, "पूर्वी मला एका जेवणासाठी कोसभर धावावं लागे. गुडघे दुखत. हे पुस्तक आल्यापासून वाचक स्वतःहून मला भेटायला येतात. लेखकाने असंच लिहीत राहावं."

सर रोज मोठ्या खडकावर उभे राहून बोलायचे.

"पळणं म्हणजे काय?"

"सवय!" कळप ओरडायचा.

"खाकरणं म्हणजे काय?"

"नकारात्मक विचार!"

"ज्यांना जिंकायचंय त्यांनी खूर वर करा!"

सगळे खूर वर करायचे. दोनतीन जण तोल जाऊन पडायचे.

अधूनमधून एखादा नजर भिडवायला जायचा. तो परत यायचा नाही. सर म्हणायचे, "त्याने मनापासून भिडवली नाही." मग सर अभिप्राय मागायचे. सगळे अभिप्राय चांगलेच असायचे. ज्यांना पुस्तकाचा उपयोग झाला नाही, त्यांतल्या एकानेही कधी तक्रार केली नाही.

पवळ्या नावाच्या चितळाने सरांचा मोठा अभ्यासक्रम केला. त्याची परीक्षा ठरली. सकाळी तळ्यावर, वाघासमोर, सगळ्यांच्या देखत.

त्याच्या बायकोचं नाव जाई. तिच्या पोटात पाडस होतं. ती सरांकडे गेली.

"सर, आमच्या ह्यांच्या आधी तुम्हीच एकदा करून दाखवा ना."

"ताई, मी आता करत नाही," सर हसून म्हणाले. "मी शिकवतो."

ती घरी आली. पवळ्या डोळे मोठे करून दगडाकडे बघत होता.

"अहो, नका ना जाऊ."

"तू मला मागे खेचतेस," पवळ्या म्हणाला. "पान बाविसावर तुझ्याबद्दलच लिहिलंय."

मग जाई झाडाखाली गेली.

"आजोबा, उद्या खाकराल ना?"

"कशाला पोरी? मागच्या वेळी खाकरलो तर सगळे मलाच हसले. म्हणाले, म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध द्या."

"माझ्यासाठी एकदाच."

आजोबांनी शेपटी खाजवली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सकाळ झाली. पवळ्या पाण्याशी उभा राहिला. मागे कळप, कळपाच्या मागे खडक, खडकावर सर. गवत हललं. पट्टे दिसले. आजोबा जन्मात खाकरले नव्हते इतक्या जोरात खाकरले.

कुणीही हललं नाही. सगळे शिकलेले होते. पवळ्याने डोळे मोठे केले. वाघाने अंग आवळलं.

फक्त सर पळाले. सरांच्या पायांनी पुस्तक वाचलं नव्हतं.

"अगं बाई, सर पळाले!" जाई ओरडली.

पवळ्याने मागे पाहिलं. खडक रिकामा होता. मग तो पळाला, कळप पळाला. वाघाच्या तोंडात शेपटीचे चार केस आले. शेपटी पवळ्याची होती. बाकीचा पवळ्या जाईजवळ उभा होता आणि ती त्याची मान चाटत होती.

संध्याकाळी सर पुन्हा खडकावर आले. पवळ्यानेच विचारलं, "सर, तुम्ही पळालात?"

"पळालो? मी कुठे होतो?"

"पुढे."

"आणि तुम्ही सगळे?"

"तुमच्या मागे."

"मग याला काय म्हणतात?"

कळप विचारात पडला.

"नेतृत्व!" सर गरजले.

खुरांचा असा कडकडाट झाला की तळ्यातले बेडूक बाहेर आले. नव्या पुस्तकाची पहिली प्रत पवळ्यानेच घेतली. जाई आजोबांच्या झाडाखाली जाऊन पाला खाऊ लागली.

तात्पर्य : धैर्यावरचं व्याख्यान जरूर ऐकावं, टाळ्याही वाजवाव्यात. पण थांबायचं की पळायचं, हे बोलणाऱ्याच्या तोंडावरून ठरवू नये, पायांवरून ठरवावं. आणि पाणी प्यायला जाताना एखादा भित्रा सोबत न्यावा.

हे लिहून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मालकांनी दुकानातल्या सगळ्यांना अशाच एका सरांच्या व्याख्यानाला पाठवलं. मी नेहमीसारखा मागे बसणार होतो. सर म्हणाले, "लाजू नका, पुढे या." मी पुढे जाऊन बसलो. तिथून सरांचे बूट नीट दिसत होते. ते धावायचे बूट होते.