हॅरो फॉल्सचं मौनव्रत

कोणत्याही विद्येची शेवटची पायरी म्हणजे योग्य वेळी तोंड मिटणं. धंदेवाईक बेसबॉलमध्ये ही पायरी फार आधी येते. लोकांना वाटतं, खेळाडूची तयारी म्हणजे दंडात ताकद, नजरेला धार आणि पायांना वेग. एवढं तर घोड्यालाही जमतं (दंड सोडून). खरी तयारी नेमधर्माची, आणि आयोवातल्या हॅरो फॉल्स गावच्या ‘हेरन्स’ संघाची ती तयारी वाखाणण्याजोगी होती. सामन्याआधी कोंबडीच खायची. मैदानावरच्या चुन्याच्या रेघेवर पाय द्यायचा नाही. जिंकत असेपर्यंत मोजे धुवायचे नाहीत. (संघ फार काळ जिंकत नाही ही देवाची कृपा, असं कपडे धुणाऱ्या बाईंचं मत होतं.)

सगळ्यांत कडक नेम मौनाचा. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, नऊच्या नऊ डावांत समोरच्यांना एकही हिट (फलंदाजाला धावून पहिला तळ गाठून देणारा स्वच्छ फटका) मारू दिली नाही, तर तो पराक्रम आयुष्यात एकदा घडतो. बहुतेकांच्या हातून घडतच नाही. तो घडत असताना त्याचा उच्चार करायचा नाही, पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, जमल्यास त्याच्याकडे बघायचंही नाही. शब्द निघाला की विघ्न आलंच. एरवी मौनाचं पुण्य ज्याचं त्याला. इथे पंचवीस जण एकासाठी गप्प बसतात. केवढा हा त्याग!

या धंद्यात आणखी एक मौन आहे. ज्याला संघातून काढायचं ठरलं आहे, त्याच्याशीही कोणी बोलत नाही, कारण काढलं जाणं हा संसर्गजन्य रोग आहे. ही दोन मौनं सख्ख्या जुळ्या बहिणी. भल्याभल्यांना वेगळी ओळखता येत नाहीत.

व्हर्न टिबेट्स चौतिशीचा पिचर. दुसऱ्या मौनाचा त्याला दांडगा अनुभव होता; चार संघांनी त्याला काढलं होतं. पहिलं त्याच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. त्यातून मॅनेजर मर्ल ऑस्ट्रँडर त्याला सोमवारी म्हणाला होता, “शनिवारचा सामना टाक, मग बघू.” या धंद्यात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना कळतो.

शनिवारी व्हर्नने टाकायला सुरुवात केली. चौथ्या डावात एक चेंडू शॉर्टस्टॉप नावाच्या जागेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या दोन पायांमधून निघून गेला. ती फलंदाजाची हिट की शॉर्टस्टॉपची चूक, हे ठरवणारा एक गृहस्थ वर काचेआड बसतो. त्याने चूक ठरवली, म्हणजे पराक्रम शाबूत राहिला. व्हर्न मनाचा मोठा; त्याने ती हिटच मानून टाकली. सामना चालू असताना धावफलकाकडे बघायचं नाही हा त्याचा स्वतःचा नेम, त्यामुळे गैरसमज दूर होण्याची सोयच नव्हती.

सहाव्या डावानंतर तो बाकावर येऊन बसला, तसं बाक त्याच्या दोन्ही बाजूंनी रिकामं झालं.

“एफ्रेन, जरा पाण्याची बाटली दे रे,” तो कॅचरला, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याला, म्हणाला.

एफ्रेन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

“अरे, पाणी मागतोय, तुझी बहीण नाही मागत!”

एरवी एवढ्यावर एफ्रेन हातघाईवर आला असता. त्याने दुसरी नाडी सोडली.

व्हर्न उठून मर्लपुढे उभा राहिला. “मर्ल, आडपडदा नको. मला काढलंय ना?”

मर्लने सूर्यफुलाच्या बिया चघळल्या आणि टरफलं व्हर्नच्या बुटांपासून सुरक्षित अंतरावर थुंकली. नेम म्हणजे नेम.

“बरं. निदान नाही तरी म्हण.”

मर्ल नाही म्हणाला नाही.

मैदानात कॅचरला बोटांनी खुणा करण्याची मुभा असते. पण त्या खुणांत ‘तुला काढलेलं नाही’ अशी खूण अजून कोणी बसवलेली नाही. व्हर्नने सातवा आणि आठवा डाव टाकला तो सगळं संपलेल्या माणसाच्या मोकळेपणाने. असे चेंडू त्याने उमेदीतही टाकले नव्हते. प्रेक्षकांत वरच्या दर्जाच्या मोठ्या क्लबाचा, खेळाडू हेरणारा माणूस बसला होता. व्हर्नला घेऊनच जायचं हे त्याने ठरवून टाकलं. (कोणाला बोलला मात्र नाही, तोही जाणकार होता.)

आठव्या डावात हेरन्सची फलंदाजी आली आणि नेमकी लांबली. व्हर्नने आपला ग्लोव्ह एफ्रेनच्या मांडीवर ठेवला. “तुझ्या पोराला दे. चामडं अजून चांगलं आहे.” एफ्रेनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण व्रत ढळलं नाही. मग व्हर्न आत गेला, आंघोळ केली, बॅग भरली. त्याच्याकडे बघायचं नाही हा नेम सगळ्यांनी इतका चोख पाळला, की तो गेलेला कोणाला दिसलाच नाही.

गेटवर ऐंशी वर्षांच्या ओपलबाई होत्या. रोज त्या त्याला “सावकाश चालव रे, बाळा,” म्हणत. आज त्यांनी ओठ घट्ट मिटले, छातीवर क्रूस काढला आणि मुकाट्याने गेट उघडलं.

“तुम्हीसुद्धा, ओपलबाई?” व्हर्न म्हणाला. त्याची गाडी हायवेला लागली.

नववा डाव. सगळे जागेवर, मधला मातीचा उंचवटा रिकामा.

“तुमचा पिचर कुठाय?” पंचाने विचारलं. मर्लने आकाशाकडे पाहिलं. पराक्रम अजून शाबूत होता. उत्तर देणं नियमात बसत नव्हतं. शेवटी पंचाने दटावून दुसरा पिचर आणवला. त्याचा पहिलाच चेंडू समोरच्याने दूर गवतात मारला, आणि त्या हिटने मौन सुटताक्षणी पंचवीस माणसं एका आवाजात ओरडली, “व्हर्न कुठाय?”

क्लबाने रीतसर चौकशी केली. मौन कोणीही मोडलेलं नाही, असा निष्कर्ष निघाला. सर्वांचं अभिनंदन करण्यात आलं. सामना अर्धवट टाकून गेल्याबद्दल व्हर्नला सोमवारी काढण्यात आलं. आता त्याला फोन करून खरं सांगायला हरकत नव्हती. पण काढलेल्या माणसाशी बोलायचं नसतं. मोठ्या क्लबाचा माणूसही रीत जाणून होता.

“मला शनिवारीच कळलं होतं,” व्हर्न बायकोला म्हणाला. “इतक्या वर्षांचा अनुभव आहे, डोरीन. माणसं गप्प बसली की समजायचं.”

राहता राहिले वाचक. तुम्हाला तर सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. बाकावर त्याच्या शेजारची जागा रिकामीच होती, आणि गेटपाशी तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर होतात. एक शब्द बोलला नाहीत. कोणी शिकवलं नसताना एवढी तयारी! घरीही रोजचा सराव असणार.