वासुदेवकाका आणि उशीचा अभ्रा

चहाला बोलावलेला माणूस सरळ आतल्या खोलीत शिरतो, उशीच्या अभ्र्याचा एक धागा उपसतो, खिशातल्या काडेपेटीने तो पेटवतो आणि वितळलेली काळी गोळी यजमानाच्या नाकाखाली धरतो. लोहाऱ्यातल्या आमच्या कॉलनीत असा माणूस एकच, वासुदेवकाका.

"पाह्य, प्लॅस्टिक हाये हे! याच्यावर तोंड ठेवून झोपता बाप्पा तुमी?"

काका जन्मभर जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. निवृत्त झाले तरी बोटं काही स्वस्थ बसेनात, म्हणून आता ते शेजाऱ्यांच्या चादरी तपासतात. बायकोच्या माहेरच्या पलंगपोसाला त्यांनी पाडलेल्या भोकाबद्दल मी अजून तिची बोलणी ऐकतो आहे.

गेल्या वर्षी आमच्या गौरीचा चेहरा मुरुमांनी भरला. आमच्याकडे पोरी गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधतातच, पण ही तो घरातही सोडेना. मग तिचं कॉलेजला जाणं बंद झालं, जेवणसुद्धा खोलीत. डॉक्टरीणबाईंचं मलम चालू होतं, आणि बाप म्हणून मला काही सुचत नव्हतं.

काकांनी तिची चकचकीत उशी पाहिली मात्र, भडकलेच. "घाम जिरत नाही, तेल जिरत नाही, रातभर गालाले घासते हे! पोरगी उघड्या तोंडानं अंगणात येत नाही, तवरीक मी हटत नाही."

त्यांनी मऊ सुती कापडाचे चार अभ्रे शिवून आणले. एक दिवसाआड सकाळी सात वाजता काका फाटकाशी हजर, धुतलेला अभ्रा द्यायचा, वापरलेला न्यायचा. बायको म्हणाली, "काका, मशीन हाये ना घरी."

"मशीनीत तुमी ते वासाचं पानी टाकता!"

पावसाळ्यात ते इस्त्रीने अभ्रे वाळवायचे. तापाने फणफणत असतानाही एकदा आले, तेव्हा मीच ओरडलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध सोडू नका, पण अभ्रा सुती आणि स्वच्छ असेल तर मदतच होईल." यावर काकांनी त्यांना हुशार ठरवून टाकलं.

तीन महिन्यांनी एका सकाळी गौरी स्वतःच फाटकाशी गेली, स्कार्फ न बांधता. थोडे डाग होते अजून. माझा जीव भांड्यात पडला.

"काका, सांगा, कशी दिसून राह्यली मी?"

प्रत्येक वस्तूला प्रत लावणारा तो माणूस खाली मान घालून उभा राहिला.

"मले नको विचारू बेटा. माह्या पोरीले, सुनूलेही तुह्याएवढी असतानी असंच झालतं. घरी पाहुणे बसले होते. मी हासत म्हनलं, आली पाहा आमची कवडी."

किडक्या, डागाळलेल्या कापसाला जिनमध्ये कवडी म्हणतात.

"सारे हासले. आता पुण्यात असते ते. व्हिडिओ कॉल करते, पन मले नातू दाखवते, नाहीतं छताचा पंखा. सोताचं तोंड दाखवत नाही."

"चुकलं म्हनून सांगितलं का तिले कधी?" गौरीने विचारलं.

"कोन्या तोंडानं सांगू?"

गौरीने त्यांच्याच खिशातला मोबाईल काढून घेतला, सुनूताईला व्हिडिओ कॉल लावला आणि परत त्यांच्या हातात दिला. पलीकडे पंखा फिरत होता.

"बाबा? एवढ्या सकाळी?"

"सुनू, मी तुले कवडी म्हनलं होतं. लय चुकलं माहं."

तिकडचा फोन हळूच हलला, पंखा सरकून पडद्यावर सुनूताईचा चेहरा आला, आणि फाटकाला धरून काका रडू लागले.