दिसलं, ऐकलं की वाटलं?

घरातून निघताना आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्यावर समोरच्याने 'या' म्हणायचं आणि विषय संपवायचा. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत ही रीत एकट्या मोकाशी हवालदारांना मान्य नव्हती. सकाळी मी कोटाची बटणं लावत "येतो हं" म्हणालो, की गॅलरीतल्या खुर्चीतून प्रश्न यायचा, "किती वाजता?"

"अहो, म्हणायची पद्धत असते आपली."

"पद्धत राहू द्या. वेळ सांगा, मास्तर."

मी वेळ सांगायचो. ते कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहायचे आणि मग म्हणायचे, "आता वळा जरा." शाळेत चाळीस पोरांना बाकावर उभं करणारा मी, गॅलरीत निमूटपणे गिरकी घ्यायचो. "धोतर. राखी कोट, पाठीवर शिवण उसवलेली. काळी टोपी. उजव्या वहाणेला नवा अंगठा." एवढं पुटपुटत लिहून झालं की माझी सुटका व्हायची. संध्याकाळी दिवेलागणीला ते जिन्याच्या तोंडाशी बसत आणि जो परत येईल त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करत. चाळीत बावीस बिऱ्हाडं होती, आणि बाविसांतल्या प्रत्येक माणसाची अशी रोज मोजदाद व्हायची. त्यातही माझी खोली जिन्याला लागून पहिली, तरी वहीत माझा नंबर दोन. एक नंबर घरमालकाचा असणार, असं समजून मी मनातल्या मनात खट्टू व्हायचो.

हवालदारांची सारी नोकरी कल्याणच्या पोलीस ठाण्यात रायटर म्हणून गेली. रायटर म्हणजे लिहिणारा हवालदार. फिर्याद, जबाब, पंचनामा, सगळं त्याच्या हातचं. दोन वर्षांपूर्वी पेन्शन घेऊन ते ठाणे शहरात, आमच्या चाळीत आले, ते एकटेच. चूल स्वतः पेटवत, कपडे स्वतः धूत. बायकोबद्दल कोणी विचारलंच तर "बाहेर गेलीय" एवढंच सांगत. दोन वर्षं कोणी बाहेर राहत नाही, हे आम्हालाही कळत होतं. बिचारी वारली असेल आणि यांना सांगवत नसेल, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती.

त्यांच्या लिखाणाची कीर्ती मात्र पेन्शनीत निघाली नव्हती. नवे फौजदार रविवारी कल्याणहून त्यांच्याकडे तपासाचे कागद दाखवायला यायचे. गॅलरीत त्यांची शिकवणी चाले आणि आम्हाला फुकटात करमणूक होई. एकदा एका कोवळ्या फौजदाराने मोठ्या ऐटीत वाचलं, "आरोपी संशयास्पद रीतीने उभा होता."

"म्हणजे कसा, साहेब? एका पायावर?"

"नाही, म्हणजे... बघितल्यावर वाटत होतं."

"वाटलेलं तुमच्यापाशी ठेवा. दिसलं काय?"

"पिंपामागे उभा होता. हातात चपला होत्या."

"मग तेच लिहा की! चपला हातात घेऊन माणूस पिंपामागे का उभा राहतो, ते कोर्टाला कळतं. कोर्टाला चपला असतात."

दिसलं, ऐकलं की वाटलं? सगळी विद्या त्यांनी या तीन शब्दांत बसवली होती. दिसलेलं पहिल्यांदा लिहायचं, ऐकलेलं कोणाकडून ऐकलं त्याच्या नावासकट लिहायचं, आणि वाटलेलं, प्राण गेला तरी लिहायचं नाही. ठाऊक नसेल तिथे जागा कोरी सोडायची. "कोरी जागा खोटं बोलत नाही, साहेब," असं ते वर सांगायचे.

या विद्येचा फटका मलाही बसला. मी मराठीचा शिक्षक, आणि माझ्या निबंधांचा मला थोडा गर्व होता. 'खाडीवरचा सूर्यास्त' हा नमुना निबंध मी त्यांना हौसेने वाचून दाखवला. 'खाडीचे पाणी लाजेने लाल झाले होते' या वाक्यावर मुख्याध्यापकांनीही मान डोलावली होती. हवालदार म्हणाले, "पाणी लाल होतं, हे दिसलं. लाज कोणी पाहिली? पंच कोण?" मी तो निबंध पुढच्या वर्षी वर्गात काढलाच नाही.

सगळं असंच हसण्यावारी गेलं असतं. पण काळ्यांचं प्रकरण झालं. आमचे काळे कारकून एका रविवारी बायकोला "साहेबांनी बोलावलंय" सांगून ऑफिसला गेले. परतल्यावर बाईंना काही वेगळाच वास आला. त्या तडक हवालदारांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. हवालदारांनी वही उघडली आणि वाचलं, "गेले, पांढरा सदरा, साधा. आले, तोच सदरा, डाव्या बाहीवर विड्याचा डाग, कानात अत्तराचा फाया, तोंडात लावणीची ओळ."

"म्हणजे हे तमाशाला गेले होते!" बाई कडाडल्या.

"तसं मला काही वाटत नाही, वहिनी. मी लिहिलंय तेवढं वाचलं."

काळ्यांना तीन दिवस कोरडी भाकरी मिळाली. चौथ्या दिवशी त्यांच्या खोलीत चाळीची सभा भरली. बायकांची तक्रार आधीपासून होतीच. घराबाहेर पडताना कोणी लुगड्याचा काठ टिपून घेतला तर कुठल्या बाईला आवडेल? आमची हीसुद्धा त्या खुर्चीसमोरून जाताना तोंड फिरवून जायची. शेवटी ठरलं, की वही बंद व्हायला हवी, नाहीतर मालकाला सांगून हवालदारांना खोली सोडायला लावायची. निरोप पोहोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तुम्ही मास्तर, तुम्हाला गोड बोलता येतं," असं काळे म्हणाले.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी चहा टाकला. मी घसा साफ केला.

"लोकांना वाटतं..."

"वाटतं?"

"बरं, लोक म्हणतात."

"कोण? नावं सांगा."

मी नावं सांगितली. खोलीचंही सांगितलं. ते ऐकत राहिले. कपात चहा ओतून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, वहिनी आज कुठलं लुगडं नेसल्यात?"

तासाभरापूर्वी मी तिच्या हातचं जेवून उठलो होतो. "निळं असावं," मी म्हणालो.

"दिसलं की वाटलं?"

मग त्यांनी ट्रंक उघडली आणि घडीवर फाटायला आलेला एक कागद माझ्या हातात दिला. माणूस हरवल्याची खबर होती ती. अक्षर त्यांचंच, मोत्यासारखं. नाव, यमुना सखाराम मोकाशी. वय, उंची, रंग, डाव्या भुवईवर देवीचा व्रण, सगळं भरलेलं. 'कोठे गेली' याच्यापुढे कोरं. 'अंगावरील कपडे' याच्यापुढे कोरं.

"फाळणीचे निर्वासित आले तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "कल्याणला छावणी पडली होती. रोज कोणाचा बाप हरवलेला, कोणाची लेक. पोलीस ठाण्यात उरकायचं नाही, म्हणून मी कागद घरी आणायचो. त्या सकाळी एका सिंधी म्हाताऱ्याच्या बायकोची खबर साफ अक्षरात लिहून काढत होतो. तिच्या ओढणीचा काठ, नाकातली चमकी, सगळं नीट उतरवत होतो. ही दारात येऊन काहीतरी बोलली. मी मान वर केली नाही. शेवटचं तेवढं ऐकलं, 'येते हं.' मी नुसतं 'हं' म्हणालो."

चहा तसाच होता. मीही तो उचलला नाही.

"शहाडला तिची बहीण असते. तिथे ती गेलीच नव्हती. नदीकाठ पाहिला, दवाखाने पाहिले. आमचे साहेब म्हणाले, 'मोकाशी, हिरवं लिहून टाक, बायका हिरवंच नेसतात.' मी पाहिलं नव्हतं, मास्तर. कसं लिहू? मग कुठे अनोळखी बाई सापडली की वर्णन यायचं. त्यात आधी कपडे लिहिलेले असतात. माझ्यापाशी जुळवायला कपडेच नाहीत. मग प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचं आणि तोंड बघून यायचं. सात वर्षं झाली. एकदाही ती नव्हती."

मग त्यांनी ती वही माझ्यापुढे धरली. आजचं पान होतं. दोन नंबरला मी होतो, माझ्या उसवलेल्या शिवणीसकट. एक नंबरला लिहिलं होतं, यमुना. कपडे, कोरं. परत येण्याची वेळ, कोरं. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द होते, 'येते म्हणाली.' मी मागची पानं उलटली. रोजच्या पानावर तेच होतं.

"'जाते' म्हणाली असती तर गोष्ट वेगळी होती," हवालदार म्हणाले. "'येते' म्हणाली. हे ऐकलेलं आहे, मास्तर. वाटलेलं नाही."

'येते' ही नुसती म्हणायची पद्धत असते, हे मी त्यांना रोज सकाळी सांगत आलो होतो. डोळे भरून आले, आणि आपण या माणसाची किती थट्टा केली, याची मनापासून लाज वाटली.

घरी येऊन मी आधी बायकोकडे पाहिलं. लुगडं निळं नव्हतं, जांभळं होतं, आणि पदराजवळ बारीक रफू केलेलं होतं. ती "काय झालं?" म्हणाली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी चाळीलाही सांगितलं, आपल्या पदरचं काही न घालता, दिसलं आणि ऐकलं तेवढंच. वही बंद करण्याची गोष्ट मग कोणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळे आपण होऊन खुर्चीसमोर जाऊन वळले. त्यांच्यामागून आमची ही पिशवी घेऊन निघाली. रोज तोंड फिरवून जाणारी ती आज खुर्चीपाशी थांबली आणि म्हणाली, "हवालदारकाका, भाजी घेऊन येते. साडेनऊ वाजता."

हवालदार लिहीत होते. त्यांनी पेन्सिल थांबवली, मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "या."